आधी खुर्ची, मग चाल

"रोज थोडं चालत जा." पन्नाशीतल्या जवळजवळ प्रत्येकाने हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं असतं. त्यातला 'थोडं' हा शब्द मात्र दवाखान्याच्या पायरीवरच राहून जातो. चवथ (गणेशचतुर्थी) होते, पाऊस ओसरतो, नवे बूट येतात, मोबाईलवर पावलं मोजणारं अ‍ॅप येतं आणि पहिल्याच दिवशी पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूत पाच किलोमीटर होतात. चौथ्या दिवशी गुडघा सुजतो. आठव्या दिवशी बूट खाटेखाली जातात आणि "मला चालणं मानवत नाही" असं घरात जाहीर होतं.

चालणं खरोखर न मानवणारी माणसं फार थोडी. बाकीच्यांचं एवढंच झालेलं असतं की सुरुवात मोठी झाली आणि शरीराचा भार पेलणारी मांडी तयार नव्हती. मधुमेह, रक्तदाब, गुडघे, कंबर यांपैकी एखादं तरी दुखणं सोबत घेऊन जे व्यायामाला लागणार आहेत, त्यांनी पहिले दोन आठवडे लांब फिरायला जाऊच नये. घरातल्या खुर्चीपासून सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी आकड्यांचं ओझं उतरवू. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून निघालेला नाही. १९६५ साली जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विक्रीला आलं. त्या नावाचाच अर्थ 'दहा हजार पावलांचं मापक' असा होतो, आणि तिथून तो आकडा जगभर पसरला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. हा दुसरा भाग बहुतेकांच्या कानावर येतच नाही. आणि ही १५० मिनिटं पहिल्या आठवड्यात करायची नसतात. तीन महिन्यांनी तिथे पोचलात तरी उत्तम.

इतकं सावकाश का? श्वास आणि हृदय दोन-तीन आठवड्यांत सरावतात. स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरा मात्र रक्तपुरवठा कमी असल्यामुळे महिनोन्महिने घेतात. तिसऱ्या आठवड्यात दम लागेनासा होतो, माणसाला हुरूप येतो, तो वेग वाढवतो आणि नेमकी तेव्हाच टाच धरते. पहिल्या तीन महिन्यांत ज्यांचा व्यायाम सुटतो, त्यांतल्या कितीतरी जणांची गोष्ट ही एवढीच असते.

डॉक्टरांना विचारताना

"व्यायाम करू का?" असं विचारलं की "करा" एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी औषधांची चिठ्ठी पुढे ठेवून नेमकं विचारावं. यातल्या कुठल्या गोळीने साखर एकदम उतरू शकते? (इन्सुलिन, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांनी उतरते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा नाही.) नाडीचा वेग धरून ठेवणारी गोळी आहे का? मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल, बिसोप्रोलोल या त्या जातीच्या. त्या चालू असतील तर घड्याळावर दिसणारे नाडीचे आकडे बाजूला ठेवायचे, कारण कितीही जोर लावला तरी नाडी त्या प्रमाणात वाढत नाही. मधुमेह असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून झालाय का? पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर जोर लावणं, डोकं खाली करणं या गोष्टी उपचार होईपर्यंत बंद.

चालताना छातीत दडपतं, पूर्वी चक्कर येऊन पडलात, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालंय, रक्तदाब आटोक्यात नाही, तळपायाला जखम आहे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय सुरुवातच नको. हे सगळं नसेल आणि कसली तक्रारही नसेल, तर घरातल्या घरात हळूहळू सुरू करायला हरकत नसते.

खुर्ची

जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची घ्या. बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटीमीटर. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवा. प्लास्टिकची खुर्ची नको. टाइल्सवर तिचे पाय फाकतात, आणि तुम्ही पुढच्या कडेवर आलात की ती मागे सरकते. गुडघा आधीच दुखत असेल तर बैठकीवर जाड गोधडीची घट्ट घडी घालून उंची ५० सेंटीमीटरपर्यंत न्या. बैठक जितकी उंच तितका गुडघा कमी वाकतो आणि वाटीमागचा दाब कमी होतो.

बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. दोन पावलांत कमरेइतकं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हे 'मागे' विसरू नका. पावलं पुढे राहिली की शरीराचा भार मागे राहतो आणि मग उठायला हिसका द्यावा लागतो. पाठ ताठ ठेवून कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत. आता उठा. पूर्ण उभे राहा, क्षणभर थांबा आणि मनात तीन मोजत सावकाश बसा. बसताना शेवटच्या चार बोटांत बहुतेकजण अंग सोडून देतात आणि धपकन खाली येतात. मांडीला खरं काम तिथेच असतं. शिवाय हाडं ठिसूळ झाली असतील तर तो दणका मणक्याला बसतो. गोधडीची घडी एवढ्यासाठीही बरी.

पाच वेळा उठा-बसा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा पाच. एक दिवसाआड. बास.

यात तीन गोष्टी चुकतात. पहिली, उठताना गुडघे एकमेकांकडे वळतात. कुल्ह्याच्या बाजूचे स्नायू दुबळे असले की असं होतं. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतेय का ते खाली बघून तपासा. राहत नसेल तर बैठक आणखी उंच करा. दुसरी, श्वास कोंडणं. श्वास अडवून जोर लावला की रक्तदाब क्षणात उसळतो, आणि उभं राहिल्यावर झर्रकन उतरतो. डोळ्यांपुढे अंधारी येते ती त्यामुळे. यावर सोपा उपाय म्हणजे उठताना आकडा मोठ्याने म्हणायचा. "एक", "दोन". बोलणाऱ्या माणसाला श्वास कोंडता येत नाही. तिसरी चूक घाईची. दहा उठा-बशा वीस सेकंदांत उरकल्या तर स्नायूंपेक्षा झोकाच जास्त काम करतो.

एकदाही उठवत नसेल तर हात मांड्यांवर दाबून उठा, आणि तेवढ्यानेही कळ येत असेल तर खाटेवरून सुरुवात करा. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा, गुडघ्याने तो खाली दाबा, पाच सेकंद धरा, सोडा. दहा वेळा. मांडीचा पुढचा भाग हाताला दगडासारखा लागला पाहिजे. आठवडाभराने दुसरा व्यायाम: एक गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवा, दुसरा पाय सरळ ठेवून वाकलेल्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचला, तीन सेकंद धरा, सावकाश खाली आणा. याने कंबर उचलली जात असेल तर पाय कमी उचला.

खुर्चीच्या जोडीला दोनच गोष्टी पुरेत. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा उचलायच्या, दोन सेकंद थांबायचं, टाचा हळू टेकायच्या, दहा वेळा. पोटऱ्या पायांतलं रक्त वर ढकलतात. दिवसभर दुकानात किंवा कार्यालयात बसून पाय सुजणाऱ्यांना याचा उपयोग होतो. (अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीमुळेही घोटे सुजतात. ती सूज व्यायामाने जात नाही, डॉक्टरांना सांगावी.) आणि भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून, तळवे छातीच्या उंचीवर टेकून, कोपर वाकवत भिंतीकडे जायचं आणि परत यायचं, आठ वेळा. मनगट दुखत असेल तर मुठी टेकवा.

महिन्यातून एकदा हात छातीवर दुमडून तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजून कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहा. वजनाच्या काट्यापेक्षा हा आकडा लवकर बदलतो आणि जास्त खरं सांगतो.

चाल

खुर्चीच्या उठा-बशा पाचांवरून हळूहळू वाढवत आठ-आठच्या दोन फेऱ्या दुखल्याशिवाय जमल्या की चालायला निघा. पहिला आठवडा दहा मिनिटं: तीन रमतगमत, चार नेहमीच्या चालीने, तीन पुन्हा रमतगमत. शेवटची तीन मिनिटं वगळू नका. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर येते ती बरेचदा अशीच, घरी येऊन दारात उभं राहिल्यावर.

वेगाची कसोटी अशी की बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये. आरतीचं एक कडवं सहज म्हणता येत असेल तर थोडं भरभर चाला. दोन शब्दांनी दम तुटत असेल तर हळू. मोजायचंच असेल तर पंधरा सेकंदांत साधारण २५ पावलं, म्हणजे मिनिटाला शंभर, ही मध्यम चाल. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. एखाद्या आठवड्यात शरीर कुरकुरलं तर तोच आठवडा पुन्हा. अर्धा तास सलग होईपर्यंत वेग वाढवू नका, चढ घेऊ नका, वाळूत जाऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे दुखलं तर कशामुळे दुखलं ते कळतं.

जागा निवडताना सपाटपणा बघा. पणजीत कांपालला मांडवीकाठचा पदपथ सुरुवातीला चांगला. आल्तिनोवरचं जॉगर्स पार्कही, पण वरपर्यंत गाडीने जा आणि गाडीनेच उतरा. चढताना दम लागतो म्हणून लोक चढाला भितात. गुडघ्याला त्रास होतो तो उताराचा, कारण उतरताना प्रत्येक पावलाला मांडीला ब्रेकचं काम करावं लागतं. फोंड्याच्या बाजूला सगळी चढ-उताराचीच वाट. तिथे शाळेचं मैदान किंवा घराचं अंगण बरं.

समुद्रकिनाऱ्याचा मोह गोव्यात कुणाला सुटत नाही. तर त्याबद्दल थोडं सविस्तर. कोरड्या वाळूत चालायला पक्क्या वाटेपेक्षा दुप्पटीहून जास्त शक्ती लागते. टाच रुतते, पोटरी ताणली जाते, आणि टाचदुखी असलेल्यांची दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ निघते. चालायचं ते ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून "रोज सहाला मिरामार" हा बेत आठवडाभरही टिकत नाही. त्या पट्ट्यालाही उतार असतो. पाण्याच्या बाजूचा पाय सतत खाली राहतो, कंबर तिरकी होते. जितकं एका दिशेने जाल तितकंच परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखं होतं.

अनवाणी चालणं मधुमेहींनी सोडून द्यावं, किनाऱ्यावरही आणि घराच्या अंगणातही. फुटक्या बाटलीची काच, मासेमारीचा गळ, शिंपल्याची धार, काहीही रुतलेलं बधिर तळपायाला कळत नाही. देवळात मात्र पादत्राणं काढावीच लागतात. तिथे माझा नियम एकच: दुपारच्या उन्हात फरशीवर प्रदक्षिणा नको. पाय भाजतो, जाणवत नाही, आणि फोड संध्याकाळी मोजा काढताना दिसतो. प्रदक्षिणा सकाळी लवकर घालावी. रोज रात्री तळपाय आणि बोटांमधल्या बेचक्या बघायच्या. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा.

साखर, उकाडा, पाऊस

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी साखर बघा. ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी खा, एखादं केळं किंवा अर्धी पोई (गोव्याचा पाव). ७० च्या खाली असेल तर व्यायाम नाही, आधी साखर. २५० च्या वर असेल आणि जीव बरा वाटत नसेल तर त्या दिवशी विश्रांती आणि डॉक्टरांना फोन. खिशात तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पुडीत बांधून ठेवा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. हात थरथरले, डोकं हलकं झालं, उगाच चिडचिड झाली की थांबा, पुडी तोंडात टाका, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नाडी धरणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना थरथर आणि धडधड जाणवत नाही, फक्त घाम येतो. आणि गोव्याच्या दमट हवेत घाम सगळ्यांनाच येतो. अशांनी लक्षणांची वाट न बघता मशीनवर विश्वास ठेवावा. इन्सुलिन मांडीत टोचून लगेच चालू नये, ते लवकर भिनतं. जास्त व्यायाम झालेल्या दिवशी साखर रात्रीही उतरू शकते.

मधुमेहींसाठी एक वेळ मला फार मोलाची वाटते. दुपारी शीतकडी (भात-कालवण) जेवून आडवं होण्याआधीची दहा मिनिटं. सोप्यात (ओसरीत), बलकांवात म्हणजे दारापुढच्या पडवीत, अंगणात सावलीत, नुसत्या येरझाऱ्या. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो, म्हणून भातानंतर चढणारी साखर तेवढी चढत नाही. जेवणानंतर छातीत दडपणाऱ्या हृदयरोग्यांनी मात्र हे करू नये. त्यांनी भरपेट जेवणानंतर तासभर तरी थांबावं.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त राबावं लागतं. एप्रिल-मेमध्ये भल्या सकाळी पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो त्या सुमाराला निघा आणि वेग एक पायरी कमी ठेवा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिच्या मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोला. पाण्यावर बंधन असलेल्या हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी "भरपूर पाणी प्या" हा सल्ला ऐकू नये, आपला ठरलेला आकडा पाळावा.

पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर, कुंपणालगतच्या वाटेवर शेवाळ धरतं. त्यावर पडून मनगट किंवा खुबा मोडण्यापेक्षा चार महिने घरात चाललेलं बरं. दहा मीटरचा सोपा असेल तर जाऊन-येऊन पन्नास येरझाऱ्या म्हणजे एक किलोमीटर. दर पाच फेऱ्यांनी वळायची बाजू बदला. गुडघे फारच दुखत असतील तर तरणतलावात कमरेएवढ्या पाण्यात चाला. तिथे शरीराचा साधारण निम्मा भार पाणी उचलतं.

योगासनांबद्दल. योग चांगलाच, पण गुडघेदुखीत वज्रासन आणि पद्मासन नको. वाढलेला रक्तदाब, काचबिंदू, पडद्याचा आजार यांत डोकं खाली जाणारी आसनं नकोत. हृदयविकार किंवा हर्निया असेल तर कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक नकोत. संथ अनुलोम-विलोम, श्वास न रोखता, बहुतेकांना चालतो.

कधी थांबायचं

पाच मिनिटं शांत बसून घेतलेला रक्तदाब वरचा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. ताप असेल तर नाही. चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी, यांतलं काहीही झालं तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. "गॅस असेल" म्हणून स्कूटर घेऊन घरी येऊ नका, आणि स्वतः गाडी चालवत बांबोळीच्या सरकारी इस्पितळातही निघू नका.

सांध्याच्या दुखण्याचा हिशेब वेगळा. दहापैकी तीन-चारपर्यंतचं दुखणं व्यायाम करताना चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. सकाळी गुडघा सुजलेला, गरम किंवा जास्त आखडलेला असेल तर मागच्या वेळी जास्त झालं. बंद करू नका, निम्मं करा. मांड्या आणि पोटऱ्या दोन्ही बाजूंना सारख्याच ठणकत असतील तर ते नव्या कामाचं दुखणं. ते दोन-तीन दिवसांत जातं. एकाच पोटरीत कळ, सूज आणि ऊब असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

खंड तर पडणारच. चवथीचे पाहुणे, जत्रा, लग्न, ताप. आठवडाभर सुटलं तर सुटण्याआधीच्या निम्म्या मिनिटांपासून सुरू करा, पुढच्या आठवड्यात पाऊण, तिसऱ्या आठवड्यात पूर्ण. महिनाभर सुटलं असेल तर बूट घालण्याआधी खुर्ची पुन्हा भिंतीला लावा. पाच वेळा, मिनिटभर विश्रांती, पुन्हा पाच.